एकोणचाळीस टक्के

"सत्तावीस आणि सतरा किती?" आत्यानं विचारलं.

डॉक्टर लोखंड्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ते जिल्ह्याच्या रुग्णालयात हाडांचे डॉक्टर होते आणि दर बुधवारी अपंगत्वाचे दाखले द्यायला बसायचे. दारात पन्नास माणसं उभी होती आणि त्यांना असा प्रश्न त्या दिवशी बहुधा पहिल्यांदाच कोणी विचारला होता.

"चव्वेचाळीस," ते म्हणाले.

"मग इथे एकोणचाळीस कसं लिहिलंय?"

मी तपासणीच्या टेबलावर बसून उजव्या पायात बूट चढवत होते. तो बूट डाव्यापेक्षा दोन बोटं उंच होता. दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला आणि उजवा पाय मागे राहिला, बारीकही आणि आखूडही. त्या वेळी मी सव्वीस वर्षांची होते. जिल्हा परिषदेच्या कनिष्ठ लिपिकाच्या परीक्षेत पास झाले होते. जागा अपंगांसाठी राखीव होती. आता दिव्यांग म्हणतात, तेव्हा अपंगच म्हणायचे. फक्त दाखला जोडायचा राहिला होता, आणि तो मिळणार याबद्दल आमच्या घरात कोणालाच शंका नव्हती. माझ्याकडे एकदा पाहिलं की काम होणार, अशी सगळ्यांची समजूत होती. पण कायद्याला माझ्याकडे पाहून चालणार नव्हतं. कायद्याला चाळीस टक्के हवे होते.

"बाई, हे साधी बेरीज करून काढत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "पायाच्या ताकदीचे आणि हालचालीचे सत्तावीस. तोल सांभाळण्याचे सतरा. मोठा आकडा नव्वदातून वजा करायचा, जे राहील त्याला लहान आकड्यानं गुणायचं, नव्वदानं भागायचं आणि आलेलं मोठ्या आकड्यात मिळवायचं."

माझी आत्या, इंदुमती ढवळे, तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती. तिनं डोळे मिटले. ओठ हलले.

"त्रेसष्ट गुणिले सतरा, एक हजार एकाहत्तर," ती म्हणाली. "भागिले नव्वद, अकरा पूर्णांक नऊ. त्यात सत्तावीस. अडतीस पूर्णांक नऊ."

"म्हणूनच एकोणचाळीस लिहिलं."

"म्हणजे तुम्ही जवळच्या पूर्ण संख्येत मांडलंत."

"हो."

"मग जवळच्या दशकात मांडा. चौथीच्या पुस्तकात आहे. चाळीस येतं."

बाजूला बसलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी खाली मान घालून रुमाल तोंडाशी धरला. लोखंडे हसले नाहीत.

"बाई, असं केलं तर पस्तीसवाला पण उद्या चाळीस मागेल."

"पस्तीसवाल्यालाही मिळेल. पाचाला वरच न्यायचं असतं."

"पण अशी आडवीतिडवी बेरीज करायचीच कशाला?" मी विचारलं.

"नाहीतर चार ठिकाणी व्यंग असलेला माणूस शंभराच्या वर जाईल," डॉक्टर म्हणाले.

"जाऊ दे की," आत्या म्हणाली. "त्याच्याकडे आहे म्हणून जातोय."

शेवटी लोखंड्यांनी कागद आमच्या हातात दिला. महिन्याभरानं पुन्हा तपासणी मागता येईल, असं सांगितलं. जिल्हा परिषदेत कागद द्यायला सहा आठवडे होते. परत येताना एसटीत आत्या खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं तिला माझं वाईट वाटतंय. घरी पोचल्यावर तिनं पाटी घेतली आणि ते गणित तीन वेगवेगळ्या रीतींनी करून पाहिलं. तिन्ही वेळा अडतीस पूर्णांक नऊ आलं. मग ती म्हणाली, "गणित बरोबर आहे. तुझं चालणं चुकतंय."

आता हे समजायला थोडं मागचं सांगायला हवं. मला चालायला आत्यानं शिकवलं. आई-अण्णा दोघंही पिठाच्या गिरणीत अडकलेले. आत्याचं लग्न झालं नव्हतं आणि ती आमच्याकडेच राहायची. शाळा सुटली की ती मला अंगणात उभी करायची. "टाच टेक. मान वर. पुढे बघ, पायाकडे नाही." रोज शंभर पावलं, मग दोनशे. मी रडले तर ती थांबायची, मी गप्प झाले की पुढचं पाऊल. दहा वर्षांची होईपर्यंत मी अशी चालायला लागले की नवख्या माणसाला दहा पावलं गेल्यावर कळायचं. लग्नकार्यात कोणी म्हणालं, "अगंबाई, पोरीचा पाय," की आत्या म्हणायची, "काय झालं पायाला?" आणि समोरच्या बाईलाच शंका यायची.

आणि आता हीच आत्या अंगणात उभी राहून मला सांगत होती, "पाय ओढ. अजून ओढ. मान कशाला वर? खाली घाल."

"आत्या, मला असं जमत नाही."

"का जमत नाही? तुझाच पाय आहे."

ती सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर माझी तालीम घ्यायची. उंच बूट काढून ठेवायला लावला. "बूट आहे म्हणून तोल जात नाही," असं तिचं म्हणणं. अनवाणी मला ती ओढ्यापर्यंत नेऊन आणायची, म्हणजे पाय दमेल आणि दमलेला पाय खरं बोलेल. मी लंगडून दाखवायचे. ती मान हलवायची. "हे नाटकातल्यासारखं वाटतंय. तू लाजतेस. मोकळेपणानं लंगड." एकदा तर तिनं स्वतः लंगडून दाखवलं. अण्णा गिरणीतून जेवायला आले होते. ते फाटकातच थबकले.

"अक्का, तुझ्या पायाला काय झालं?"

"मला काही नाही झालं. हिला शिकवतेय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि हातपाय धुवायला मागच्या दारानं गेले. आमच्या घरात आत्याच्या शिकवण्यात मध्ये बोलायची पद्धत नव्हती.

शेजारी राहणाऱ्या शेवंताकाकूंनी मात्र हे सगळं कुंपणावरून पाहिलं आणि त्यांचा भलताच समज झाला. चौथ्या दिवशी त्या तेलाची बाटली घेऊन आल्या.

"एवढी चांगली चालायची पोर, आणि एकदम असं काय झालं गं? माझ्या माहेरचं तेल आहे. मीच चोळून देते."

आत्याला खरं कारण सांगता येईना. निवृत्त शिक्षिका, सगळा गाव बाई म्हणून हाक मारणारा. ती भाचीला खोटं लंगडायला शिकवतेय, हे ती शेवंताकाकूंना कोणत्या तोंडानं सांगणार? ती म्हणाली, "कशाला त्रास घेता?" पण काकूंचे हात तोवर माझ्या पोटरीवर होते. बाई अंगानं दणकट, रोज दुपारी अर्धा तास चोळायच्या, वरून गरम पाण्याचा शेक. महिनाभर एक दिवस चुकला नाही. मला फार बरं वाटायचं. ते मी आत्याला सांगितलं नाही.

महिना सरला आणि आम्ही पुन्हा बुधवारी लोखंड्यांच्या खोलीत उभ्या राहिलो. तेच डॉक्टर, त्याच डॉक्टरीणबाई, भिंतीवर तोच काळा फळा. त्या दिवशीच्या रुग्णांचे नंबर त्यावर खडूनं लिहिलेले होते. आत्या दाराजवळ थांबली. नेहमीसारखी पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला, पदराखाली उजव्या हातात कापडी पिशवी.

"त्या कपाटापर्यंत जा आणि परत या," डॉक्टर म्हणाले.

मी निघाले. पाय ओढला. मान खाली घातली. पाचव्या पावलाला ठरल्याप्रमाणे कपाटाला हात लावून थोडी कलले. इतकं चांगलं मला अंगणातही जमलं नव्हतं. मी वळले, परत निघाले, आणि तेवढ्यात दाराकडून शाळेतल्या चढ्या आवाजात आलं,

"टाच टेक."

माझी टाच टेकली. मान वर झाली. पुढची चार पावलं मी अशी सरळ चालले की डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

आत्यानं तोंडावर पदर धरला होता. तिचं तिलाच कळलं नव्हतं. वीस वर्षांची सवय, तोंडातून निसटून गेली.

"बाई, तुम्ही जरा बाहेर बसा," लोखंडे म्हणाले. ती बाहेर गेल्यावर त्यांनी मला टेबलावर बसवलं. रागावले असतील म्हणून मी बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला. "लंगडण्याला मी मार्क देत नाही, सरोजताई. लंगडून दाखवणारे रोज दहा येतात, तुमच्यापेक्षा पुष्कळ चांगलं लंगडतात. मी स्नायू बघतो. गुडघा सरळ करा. आता माझा हात ढकला."

मी ढकलला. त्यांनी पुन्हा ढकलायला सांगितलं. मग टेप लावली, पोटरीचा घेर मोजला आणि मागचा कागद काढून ताडून पाहिला.

"काही व्यायाम सुरू केलाय का?"

"नाही. म्हणजे, चालते."

"किती?"

"सकाळी तासभर. संध्याकाळी तासभर. अनवाणी. ओढ्यापर्यंत."

"आणि मालीश?"

"शेजारच्या काकू करतात."

"छान आहे. चालू ठेवा," ते म्हणाले, आणि सत्ताविसाच्या जागी सव्वीस लिहिलं. तोलाचे सतरा तसेच राहिले. मग कडेला आकडेमोड करून खाली लिहिलं, अडतीस.

आत्याला आत बोलावलं. तिनं कागद पाहिला. मला वाटलं ती भांडेल. ती भांडली नाही. पिशवी सावरत ती सरळ फळ्याकडे गेली, फळ्याच्या कडेवरचा खडू उचलला आणि रुग्णांच्या नंबरांखाली गणित मांडलं. नव्वद वजा सव्वीस, चौसष्ट. गुणिले सतरा, एक हजार अठ्ठ्याऐंशी. भागिले नव्वद. तिचं अक्षर अजून तसंच होतं, एकेका चौकोनात बसवल्यासारखं. डॉक्टर गणिताकडे बघत नव्हते. ते तिच्या हाताकडे बघत होते.

"बाई, तुम्ही डावखुऱ्या आहात?"

"लिहायला."

"आणि उजवा हात?"

"उजव्या हातात पिशवी असते."

"पिशवी जरा खाली ठेवा ना."

आत्यानं डाव्या हातानं उजव्या हातातली पिशवी सोडवली आणि खुर्चीवर ठेवली. लोखंड्यांनी पदर बाजूला घ्यायला सांगितला. पिशवी गेली, पण हात पिशवी धरल्यासारखाच राहिला. कोपरात वाकलेला, मनगट आत वळलेलं.

मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण घरातल्या कपाटाचं एक दार नीट लागत नाही, हे जसं माहीत असतं, तसं माहीत होतं. आत्याचा हात असाच. ती डाव्या हातानं पोळ्या लाटायची, डाव्या हातानं लिहायची, उजव्यात पिशवी असायची. मी कधी विचारलं नव्हतं की पिशवीत काय असतं. त्या दिवशी दिसलं. एक पंचा आणि एक डबी. तीही रिकामी.

"हात वर करा," डॉक्टर म्हणाले.

"कशासाठी? तपासणी हिची आहे."

"एक उदाहरण म्हणून. तुम्हाला गणित आवडतं. मी आकडे सांगतो, तुम्ही करा."

त्यांनी खांदा पाहिला, कोपर पाहिलं, मनगट वळवून पाहिलं, बोटांची पकड पाहिली. "हालचाल आणि ताकदीचे चौतीस," ते म्हणाले. "हातानं करायच्या कामांचे वीस."

आत्या फळ्याकडे वळली. गणित दिसलं की सोडवल्याशिवाय तिला राहवायचं नाही, मग ते कुठलंही असो. नव्वद वजा चौतीस, छप्पन्न. गुणिले वीस, अकराशे वीस. भागिले नव्वद, बारा पूर्णांक चार. त्यात चौतीस. तिनं शेवटचा आकडा लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि खडू ठेवला.

"सेहेचाळीस," ती म्हणाली. उत्तर नीट आल्याचं समाधान तिच्या आवाजात होतं. मग ती फळ्याकडे बघत राहिली.

दारातल्या शिपायानं पुढच्या नंबराची हाक मारली नाही.

"म्हणजे मी?" आत्या म्हणाली.

"कायद्यानं, हो," लोखंडे म्हणाले. "अर्ज भरा. दाखला देतो."

"आणि ही?"

"या कायद्यानं नाही."

आत्यानं पिशवी उचलून उजव्या हातात अडकवली. "तेहतीस वर्षं मी सहा-सहा वर्ग एकटीनं सांभाळलेत डॉक्टर," ती म्हणाली, आणि बाहेर गेली. अर्ज मी भरला. तिची सही घ्यायला बाहेर गेले तेव्हा तिनं काही न विचारता केली. वाचला असता तर केली नसती.

रुग्णालयासमोर एक उपाहारगृह होतं. तिथे आम्ही बसलो. चहा आला, तिनं बशीत ओतला आणि डाव्या हातानं बशी उचलली.

"नोकरी गेली का गं?" तिनं विचारलं.

"गेली."

"शेवंताच्या तेलामुळे."

"तुझ्या ओढ्यामुळे," मी म्हणाले, आणि मला हसू फुटलं. तिलाही फुटलं. चहा बशीतून सांडला आणि आम्ही बराच वेळ हसत बसलो. पलीकडच्या टेबलावरच्या माणसांनी वळून पाहिलं. मग आत्याचं हसू थांबलं. पदराच्या टोकानं टेबल पुसत ती म्हणाली,

"पंधरा वर्षांची होते. गोठ्याच्या माळ्यावरून पडले. गावच्या हाडवैद्यानं बांधलं ते असं बसलं. मला मास्तरीण व्हायचं होतं. दोन वर्षांनी ट्रेनिंग कॉलेजात नंबर लागला. पण डॉक्टरचा दाखला आणायचा होता. शरीरानं सक्षम, असा."

"मग?"

"डाव्या हातानं लिहायचं मी एका उन्हाळ्यात शिकले. आणि त्या दिवशी पहिल्यांदा पिशवी घेतली. डॉक्टरनं डोळे बघितले, जीभ बघितली, छातीला नळी लावली. म्हणाला, पिशवी ठेवा. मी म्हटलं, त्यात देवाचा फोटो आहे, खाली ठेवत नाही. त्यानं सही केली."

"तेहतीस वर्षं दर तपासणीला साहेब आले की मी पिशवी आणखी पदराखाली घ्यायचे. कुणी सांगितलं तर काढून टाकतील. काढलं असतं की नाही, मला अजून माहीत नाही. विचारायचं कोणाला? विचारलं की कळलंच." ती माझ्या पायाकडे बघत म्हणाली, "दिसलं नाही म्हणजे नसतं, असं मला वाटायचं. म्हणून तुझ्या मागे लागले. टाच टेक, टाच टेक. आज तेच तुला नडलं."

"नडलं नाही," मी म्हणाले. "आधी एकच टक्का कमी पडत होता. तुझ्या तालमीनं आता दोन कमी पडले."

"एक पूर्णांक एक," ती म्हणाली. "आणि आता एक पूर्णांक नऊ."

ती नोकरी गेली ती गेलीच. यादीत माझ्या खालच्या नंबराचा एक माणूस लागला. त्याला बेचाळीस होते आणि तो फार सज्जन होता. मला त्याचा राग आला नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. मी टंकलेखन आणि लघुलेखन शिकले. दोन वर्षांनी तालुक्याच्या न्यायालयात खुल्या जागेतून मुलाखतीचं पत्र आलं.

मधल्या काळात आत्याचा दाखला टपालानं आला होता. तिनं तो धान्याच्या डब्याखाली सारला आणि कोणी विषय काढला की स्वयंपाकघरातून निघून जायची. पण मुलाखतीच्या सकाळी ती माझ्याबरोबर यायला निघाली तेव्हा तिच्या उजव्या हातात पिशवी नव्हती. पदरही नेहमीसारखा पुढे घेतलेला नव्हता. दाखला डाव्या हातात होता, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. अण्णा गिरणीच्या दारातून बघत राहिले.

एसटी खच्चून भरली होती. अपंगांसाठी राखीव जागेवर एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. कंडक्टरची नजर माझ्या उंच बुटावर गेली.

"अहो, उठा," तो गृहस्थांना म्हणाला. "ताईंना बसू द्या. ताई, दाखला दाखवा."

"तिच्याकडे नाही," आत्या म्हणाली. "ती धडधाकट आहे, सरकारनं दोनदा तपासलंय. अपंग मी आहे."

तिनं दाखला पुढे केला आणि हातही पुढे केला, कोपरातून वाकलेला, सगळ्या एसटीसमोर. कंडक्टरनं दाखला वाचला, हाताकडे पाहिलं, माझ्या बुटाकडे पाहिलं, आणि तिचं सवलतीचं आणि माझं पूर्ण तिकीट फाडलं. गृहस्थ उठले. आत्या ऐटीत बसली. मी तिच्याशेजारी दांडा धरून उभी राहिले.

पाऊण तास गेला. रस्ता खराब होता, एसटी खड्ड्याखड्ड्यांतून चालली होती. मी भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकत होते. आत्या बराच वेळ बघत होती.

"पाय दुखतोय का?" तिनं विचारलं.

"हो."

"कायद्यानं दुखायला नको," ती म्हणाली, आणि खिडकीकडे सरकून तिनं मला अर्धी जागा करून दिली.